मेंढरांच्या चालीचा डीजे

आमच्याकडं वरची खोली भाड्यानं मागायला येणारा माणूस पहिला प्रश्न पाण्याचा विचारायचा. नळ किती दिवसांनी येतो, टँकर गल्लीत शिरतो का, टाकी केवढी आहे. सोपाननं यातलं काही विचारलं नाही. दाराबाहेर चप्पल काढली, खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि टाळी वाजवली. मग एकेका कोपऱ्यात जाऊन एकेक टाळी. चौथ्या कोपऱ्यात दोनदा. मी दारात किल्ली घेऊन उभी. म्हटलं, हा कुठल्या तरी बाबाच्या नादी लागलेला दिसतोय, आता लिंबू मागतो की काय.

तर म्हणाला, "काकू, ही खोली खोटं बोलत नाय. ह्यो एक कोपरा तेवढा बडबड्या हाय. तिथं गादी लावतो."

"पाण्याचं विचारलं नाहीस," मीच म्हणाले.

"ते तर सगळीकडंच नाय," म्हणाला, आणि जाता जाता माझ्या जिन्याच्या कठड्याला टिचकी मारून, कान लावून, खूष होऊन निघून गेला.

दुसऱ्या दिवशी छोट्या हत्ती टेम्पोतून त्याचं सामान उतरलं. एक गादी, एक लॅपटॉप आणि माझ्या फ्रीजएवढे दोन स्पीकर. आमच्या ह्यांना मात्र काही फरक पडणार नव्हता. ते तीस वर्षं वाळूजला प्रेस शॉपमध्ये होते. पत्र्यावर धाडधाड पडणाऱ्या मशिनीनं त्यांचे कान कधीच नेलेत. आठवडाभरानं एका दुपारी वरचे स्पीकर चालू झाले, भांडी मांडणीवर थुईथुई नाचायला लागली, तेव्हा हे खाटेवरनं उठून म्हणाले, "अगं, रेल्वे इकडनं न्यायला लागले का?"

सोपान तेव्हा तिशीच्या आत-बाहेर. मूळचा कन्नडकडचा, घाटाच्या अंगाचा. घरची मेंढरं, पिढ्यान् पिढ्या तोच धंदा. हा पहिलाच कंपनीत लागलेला. पहिली पाळी करून चारला घरी यायचा आणि लॅपटॉपपुढं बसायचा. सुट्टीच्या दिवशी पप्पूभाईच्या डीजेच्या गाडीवर. हळद म्हणू नका, वरात म्हणू नका, वाळूजपासून चिकलठाण्यापर्यंत.

मला आधी वाटायचं, डीजे म्हणजे गाणी लावणारा. त्यात काय, आमच्या गावाकडं लग्नात लाउडस्पीकरवाला तबकड्या लावायचा, तसंच. सोपाननं माझा तो समज दोन शब्दांत मोडला. त्याच्या सगळ्या दुनियेचे दोनच भाग. एक 'उसनं' आणि एक 'मपलं'. मपलं म्हणजे माझं, आमच्या मराठवाड्यातला जुना शब्द. शहरात आलं की लोक तो गावाकडच्या पिशवीत ठेवून देतात. सोपाननं तो खिशातच ठेवला होता. दुसऱ्याच्या गाण्याखाली आपला ठोका घातला तर ते उसनं. स्वतः आवाज गोळा करून, शिजवून, घडवून केलं तर ते मपलं.

बरं, हे फक्त गाण्यांपुरतं असतं तर मी समजून घेतलं असतं. मी त्याला लोणचं दिलं तर म्हणतो, "काकू, हे मपलं का उसनं?"

"म्हणजे काय रे?"

"तुमच्या हातचं का दुकानचं?"

"माझ्या हातचं. आमच्या नणंदेनं शिकवलेलं."

"मग अर्धं उसनं."

माझं डोकं फिरलं. "अरे शहाण्या, कैरी तर झाडाची आहे! मग तीही उसनीच म्हण!"

दोन दिवस जिन्यावरनं जाता-येता माझ्याकडं बघायचा आणि विचारात पडायचा. तिसऱ्या दिवशी दारात येऊन म्हणाला, "कैरी चालते. कैरी कच्चा माल हाय." आणि मग बरणी मागून घेतली.

कच्चा माल तो रोज गोळा करायचा. मोबाइल पुढं धरून गल्लीतनं हिंडायचा. टँकरच्या पाइपाचा फुरफुराट, कुकरची तिसरी शिट्टी, रिकाम्या ड्रमवर पोरांनी मारलेली थाप. एकदा मी शिंकले तर जिन्यातनं आवाज आला, "काकू, आणखी एक हुईल का?" त्याच्या लॅपटॉपात आमची अख्खी गल्ली भरून ठेवलेली होती.

पण हे सगळं चाललं होतं ते एका गाण्यासाठी. त्याला नाव नव्हतं. तो नुसतं 'मपलं' म्हणायचा. चार वर्षं त्याचं ते शिजत होतं. मी एकदा त्याच्या खोलीत जाऊन ऐकलं, खाली सतरंजीवर बसून. कानाला तर नुसत्या घंट्या लागल्या. पण बुडाखालची फरशी हळूहळू गुरगुरायला लागली, जशी लांबून एखादी मोठी गाडी येते, आणि येतच राहते.

"हे काय रे खालनं?"

"खुरं," तो म्हणाला. "शे-सव्वाशे मेंढरं एकदम चालली की कानाला नाय, पायाला कळतं. मोबाइलवर ती खुरं येतच नाय, काकू. ह्या दोन बॉक्सवरबी धड येत नाय. त्याला सोळा पायजे."

ही मेंढरं त्याच्या वडिलांची, आबांची. दुष्काळाच्या पहिल्याच वर्षी गेली. चारा नाही, पाणी नाही, घाटाखालनं वर आणि वरनं खाली किती हिंडवणार? व्यापाऱ्याला देऊन टाकली. त्या दिवशी सोपान रजा काढून गावाला गेला होता आणि कळप शेवटचा रस्त्यापर्यंत चालला तो आवाज त्यानं मोबाइलमध्ये भरून आणला होता. आबा तेव्हापासून कन्नडजवळ लेकीकडं राहत होते. तसं सगळं बरं. फक्त बोलायचे नाहीत. जेवण विचारलं तर मान हलवायची, तब्येत विचारली तर मान हलवायची.

"एकदा," सोपान म्हणायचा, "एकदाच हे मोठ्या बॉक्सवर आबापुढं वाजलं पायजे. पायातनं ऐकलं का बोलंल मग."

बोलंल म्हणजे काय बोलंल, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

आता सोळा बॉक्स होते पप्पूभाईकडं. आणि पप्पूभाई पडला जुन्या शहरातला, व्यवहाराला पक्का, मनाचा दिलदार, पण कानाचा घाईवाला. त्यानं एकदा ते मपलं ऐकलं. माझ्याच ओट्यावर बसून, चहा पीत.

"ये क्या है, सोपान? चल रहे के सो रहे?"

"मेंढरं हायेत."

"तो उनकी वरात में बजा!" पप्पूभाई म्हणाला. "अरे भाई, पब्लिक नाचने को आती. ठोका बढा. मिनट को एकसौ तीस पे ले, फिर देख."

"मेंढरं पळाली का समजायचं लांडगा मागं लागला," सोपान म्हणाला. "मपल्या गाण्यात लांडगा नाय."

पप्पूभाई माझ्याकडं वळला. "देखो आंटी, कैसी बातां करता. सोने का हात है इसका, और दिमाग में मेंढे घुसे हुए."

मी कुणाच्या बाजूनं बोलणार? मला दोघांचंही पटत होतं. स्वयंपाक करणारीला हे कोडं रोजचंच आहे. आपल्याला वाटतं आज शेपूची भाजी करावी, आणि पानावर बसणाऱ्यांना बटाटाच पाहिजे असतो.

आणि मग या सगळ्यात मी अडकले. म्हणजे माझा आवाज अडकला.

झालं काय, की आमचं घर पाइपलाइनवर पहिलं. नळाला पाणी यायचं आठव्या दिवशी, कधी दहाव्या, कधी सकाळी, कधी भर दुपारी. येताना आधी माझा नळ खोकायचा. आधी हवा, मग लाल पाणी, मग खरं. तो खोकला की मी ओट्यावर येऊन ओरडायची, "नळ आला गं बायांनोऽऽ, नळ आलाऽऽ!" लहानपणी ज्वारीवरची पाखरं राखली आहेत मी, गोफणीला दगड कमी आणि तोंड जास्त चालवून. माझा आवाज गल्लीच्या शेवटच्या घरापर्यंत जातो. बाया हातातलं टाकून मोटारी चालू करायच्या. पाऊण तासात जे मिळेल ते पुढच्या आठ दिवसांचं.

सोपाननं ते ओरडणं कधी भरून घेतलं मला कळलंही नाही. एका हळदीला पप्पूभाई 'कुछ नया दे, नया दे' करून मागं लागला, तेव्हा यानं वैतागून वीस मिनिटांत एक चीज केली. आधी नळाचं खोकणं. ते वाढत जातं. मग ठोका, जोरात, एकशे तीसवाला. मग एकदम सगळं बंद. लोकांचा श्वास वरच्या वर. आणि त्या शांततेत मी, "नळ आला गं बायांनोऽऽ!" आणि मग धाडकन सगळं परत.

पब्लिक येडं झालं. महिन्याभरात एक वरात त्याच्याशिवाय हलेना. आठ आठ दिवस नळ न आलेली माणसं, पिंपं उताणी पडलेली, आणि ती माणसं 'नळ आला'वर घामानं निथळेपर्यंत नाचत होती. खोटं कशाला बोलू, मला आवडलं. भाजीवाला म्हणाला, "काकू, तुमचा आवाज काल आमच्या साडूच्या लग्नात होता," तर मी त्याच्याशी कोथिंबिरीवरनं घासाघीस करायची विसरले.

सोपानचं तोंड मात्र एवढंसं झालेलं. "वीस मिनिटांचं काम, काकू. आन तिकडं चार वर्षं..."

"अरे पण हे उसनं थोडंच आहे? माझाच आवाज ना?"

"तुमचा हाय. म्हणजे मला उसनाच की."

आणि मग एके दिवशी मागच्या वसाहतीतनं वरात निघाली, संध्याकाळी पाचच्या सुमाराला. बॉक्स होते आठ. त्यातनं मी ओरडले. खरी मी घरात शेंगा निवडत होते. आमची गल्ली घरातनं बाहेर. हंडे, बादल्या, कळश्या, पिठाचे हात. सटासट मोटारी सुरू. पाइपात हवासुद्धा नाही, आणि समोरच्या मंगलची मोटर कोरडी फिरून फिरून धूर काढून बसली. बाया हंडे घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचल्या, तर पुढ्यात घोडीवर नवरदेव. त्या बिचाऱ्याला वाटलं, आपल्यालाच बघायला आल्यात. त्यानं हात जोडून नमस्कार केला.

इथवर हसण्यासारखं होतं. पण तीन दिवसांनी नळ खरंच आला. मी ओरडले. परत ओरडले. घसा फुटेपर्यंत ओरडले. एक दार उघडलं नाही. "काकूचं गाणं लागलं वाटतं," म्हणून बाया आत आपापल्या कामात. मी घरोघर कड्या वाजवत पळाले, पण पाणी कुणासाठी थांबतं? निम्म्या गल्लीची पिंपं कोरडी राहिली. पुढचे दहा दिवस.

बाया आल्या. मंगल पुढं. "काकू, तुमच्यावर नाय राग. पण त्या वरच्याला सांगा, आमच्या पाण्याची थट्टा करू नको म्हणावं."

सोपान जिन्यात उभा होता. खाली आला, हात जोडले. आपला भरलेला ड्रम त्यानं घरोघर तांब्यानं मोजून वाटला. मंगलची मोटर खांद्यावर टाकून नेली आणि वाइंडिंग करून आणली. आणि बायांसमोर बोलला, "परत वाजवणार नाय." बोलला तसा वागलाही. पप्पूभाई तीनदा येऊन गेला.

"कायकु नखरे करता? पब्लिक को वोइच होना!"

"पब्लिकला उचकी आवडली तर तीबी वाजवायची का?"

"नाचते तो बजाने की!"

चौथ्यांदा मात्र पप्पूभाई वेगळं बोलला. जालना रोडला, चिकलठाण्याच्या अलीकडं मोठं लग्न होतं. सोळा बॉक्स. पार्टीची एकच अट, 'नळ आला' पाहिजे. "तू वो बजा," पप्पूभाई म्हणाला, "और उसके पहले पाच मिनट तेरे मेंढे. मैं मना नै करूंगा. जबान है मेरी."

सोपान खाली येऊन पायरीवर बसला.

"काकू, आबाला बोलवून घिऊ शकतो म्या. सोळा बॉक्स हायेत. पण गल्लीला शब्द दिलाय. आन आवाज तुमचा हाय."

मी त्याच्याकडं बघितलं. एवढा बाप्या माणूस, एका कुकरच्या शिट्टीसाठी दोन तास उभा राहणारा, आणि मागताना मान वर करता येईना.

"काढ तुझा मोबाइल," मी म्हणाले. "नवीन ओरडते. पण शेवटाला मी जे म्हणेन ते कापायचं नाही."

आणि मी ओट्यावर उभी राहून ओरडले, "नळ आला गं बायांनोऽऽ, नळ आलाऽऽ! खोटं गं बायांनो, खोटंऽऽ! डीजे आहे!"

गल्लीला मी स्वतः सांगून आले, की शेवटाला 'खोटं' ऐकू आलं तर मोटारी लावायच्या नाहीत. मंगल हसून हसून खाली बसली. सोपाननं ते हेडफोन लावून ऐकलं आणि अगदी सुतकी चेहऱ्यानं म्हणाला, "काकू, हे तर पयल्यापेक्षा जास्त चालंल."

लग्नाच्या आदल्या दिवशी आबा आले, कन्नडच्या एसटीनं. उंच, वाळलेले, डोक्याला पटका, आणि त्या उन्हात खांद्यावर घोंगडी. मी पाण्याचा तांब्या भरून दिला तर म्हणाले, "अर्धा दे, माय. लागला तर मागंन." वरातीपर्यंत मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं तेच सगळ्यात मोठं वाक्य. आमचे हे आणि आबा यांचं मात्र उत्तम जमलं. एकाला ऐकू येत नाही, दुसरा बोलत नाही. दोघं ओट्यावर शेजारी शेजारी बसून समाधानानं तंबाखू मळत होते.

वरातीला मी आबांना घेऊन गेले. दुपारचे साडेचार, डांबर अजून तापलेलं. गाडीवर सोळा बॉक्स भिंतीसारखे रचलेले, वर सोपान. आम्ही दोघं समोर दुभाजकावर बसलो. आजूबाजूला जिकडं बघावं तिकडं नवीन इमारतींचे सांगाडे.

सोपाननं आमच्याकडं एकदा बघितलं आणि लावलं.

आधी काहीच नाही. मग तळपायाला मुंग्या आल्यासारखं झालं. मग रस्ताच चालायला लागला. खुरं. पुढं खुरं, मागं खुरं, आणि त्यावर घंट्या, बारीक, जाडी, एक जवळ, एक पार लांब, आणि मधनं वारा. मी घाट चढून गेलेली बाई नाही, पण मला धुळीचा वास आला.

पब्लिकला काही आला नाही. पोरं नाचायच्या तयारीनं हात वर करून उभी राहिली आणि हात तसेच राहिले. एकानं एका ठोक्यात दोन दोन उड्या मारून बघितल्या, मग तोही दमला. चार-पाच जण उसाच्या रसाच्या गाडीकडं गेले. नवरदेवाचा मामा ओरडला, "काय रे, लाइट गेली का?" एकट्या घोडीनं काय ती दाद दिली. आल्यापासनं बिथरलेली होती, ती कान पुढं करून शांत उभी राहिली.

आणि आबा. त्यांनी वाकून पायातल्या वहाणा काढल्या आणि दोन्ही तळवे त्या तापल्या डांबरावर टेकवले. पाच मिनिटं हलवले नाहीत. चेहऱ्यावर काही नाही. ओठ तेवढे हलत होते. एकेका घंटीला ते नाव देत होते असं मला वाटलं.

पप्पूभाईनं वरनं बोट दाखवलं, वेळ संपली. आणि 'नळ आला' सुरू झालं. मग काय विचारता! रसवाल्याकडची पोरं ग्लास टाकून पळत आली. मामा नाचला. मांडवातला आचारी झारा घेऊन नाचला. सोपाननं गाडी पप्पूभाईवर सोपवली आणि उडी टाकून, गर्दीतनं वाट काढत आमच्यापर्यंत आला.

"आबा," तो म्हणाला. "कसं वाटलं?"

आबा वहाणा घालत होते. त्यांनी वर बघितलं. "काळी कुठं हाय?"

सोपान त्यांच्या वहाणांकडं बघायला लागला.

"बाकी सम्दी हायेत," आबा म्हणाले. "काळी नाय त्यात."

"तिची घंटी... फुटकी वाजत व्हती, आबा. बाकीच्यांत बसंना. म्हून काढली."

"ती म्होरं चालायची," आबा म्हणाले. "तिच्याबिगर बाकीची निघाली कशी?"

मागं सोळा बॉक्समधनं मी कंठ फाडून ओरडत होते, "खोटं गं बायांनो, खोटंऽऽ!" आणि तीनशे माणसं त्यावर उड्या मारत होती. सोपाननं मान खाली घातली. आबांनी दुसरी वहाण घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते. आबा बाहेर ओट्यावर. सोपान स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. पाळीला गेलेला नव्हता. हातात लॅपटॉप आणि ते मोठे कानांवर बसणारे हेडफोन.

"काकू, म्या काल खोटं बोललो. काळीची घंटी फुटकीच व्हती, पण तिच्यावाचून गाणं लंगडं हाय हे मला चार वर्षं म्हायती हाय. पप्पूभाई ठोका वाढव म्हणतो, पण त्यानं काय हुतंय? म्होरं चालणारीच नाय त्यात."

"मग का काढलीस?"

त्यानं आबांकडं एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "लहानपणी म्या कळपाच्या मागं असायचो. आबा म्होरं काळीपाशी. धुळीत मागचं दिसत नाय. मग आबा चालता चालताच हाळी द्यायचा, 'सोपाना, मागं हाय का रं?' आन म्या वरडायचो, 'हाय, आबा!' दिवसातनं पन्नास वेळा. शेवटच्या दिवशीबी म्या मागंच व्हतो. हातात मोबाइल धरून. काळी व्यापाऱ्याच्या गाडीपाशी पोचली, आन आबानं हाळी दिली. इतक्या वर्षांनी. सवयीनं दिली असंल."

दूध वर आलं होतं. मी गॅस बंद केला.

"म्या बोललो नाय, काकू. म्हटलं, बोललो तर आवाज खराब हुईल. रेकॉर्डिंग चाललंय. त्यानं परत हाळी दिली. म्या श्वास धरून उभा. तिसऱ्यांदा दिली नाय. तवापासनं त्यानं मला काहीच विचारलं नाय. आन ती घंटी आन ती हाळी एकमेकांत आशी मिसळलीया, की लई प्रयत्न केले, वेगळी हुत नाय. घंटी ठेवली का हाळी येती. हाळी आली का पुढं म्या गप. ते मलाच ऐकवत नाय, तर दुसऱ्याला काय ऐकवू?"

मला गाण्यातलं कळत नाही. मी चहा तीन कपांत ओतला आणि म्हणाले, "आतलं सगळं आहे तसं, न कापता, त्यांच्या कानाला लाव."

तो ओट्यावर गेला. आबांच्या पटक्यावरनं ते हेडफोन नीट बसेनात, तर त्यानं पटका हातानं जरा मागं सरकवला, जसा लहान लेकराचा आपण सरकवतो. लॅपटॉप मांडीवर घेऊन तो आबांच्या मागं, उंबऱ्याच्या बाजूला बसला आणि सुरू केलं. आम्हाला अर्थातच काही ऐकू येत नव्हतं. गल्लीत मंगल झाडत होती, हे पेपर वाचत होते.

आबांनी डोळे मिटले. पायाचा अंगठा हळूहळू ठोका धरायला लागला, मेंढरांच्या चालीचा. मधेच ते ताठ झाले. कानावर हेडफोन असले की माणसाला आपला आवाज कळत नाही, मोठ्यांदा बोलतं. आबांनी डोळे मिटलेलेच ठेवून, भर वस्तीत, घाट ओलांडून जाईल अशा आवाजात हाळी दिली,

"सोपानाऽऽ, मागं हाय का रंऽऽ?"

मंगलचा झाडू थांबला. आमच्या ह्यांनासुद्धा ऐकू आलं, त्यांनी पेपर खाली केला.

सोपान लॅपटॉप बाजूला ठेवून उठून उभा राहिला आणि ओरडला. मी इतकी वर्षं या गल्लीत ओरडत आले, पण असं कुणाला ओरडताना ऐकलं नव्हतं.

"हाय, आबाऽऽ! मागंच हाय!"

आबांनी वळून बघितलं नाही. डोळेही उघडले नाहीत. नुसता डावा हात मागं केला आणि पंजा दोनदा हलवला. ये, असा.